सुटलेला शब्द आणि त्याची भरपाई

कृष्णेच्या काठी, कराडपासून थोड्या अंतरावर, टेंभू नावाचे गाव आहे. सातारा जिल्ह्यातील या गावी १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. आगरकर म्हटले की आपल्याला समाजसुधारक, बुद्धिवादी आणि परखड लेखक आठवतो. शाळेच्या पुस्तकांतून आपली मुले त्यांच्या गरिबीच्या हकिकती वाचतात. या लेखात मात्र आम्हांला त्यांच्या आयुष्यातील एका वेगळ्याच प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. ते प्रकरण आहे छापून गेलेल्या शब्दांचे, त्या शब्दांबद्दल मागितलेल्या माफीचे आणि त्या माफीने जे साधले नाही त्याचे. आगरकर ख्रिस्ती नव्हते. परमेश्वराच्या अस्तित्वाविषयीही ते साशंक होते. तरीही जिभेच्या पापाचा विचार करणाऱ्या ख्रिस्ती माणसाला या प्रकरणातून जितके शिकता येते, तितके अनेक प्रवचनांतून मिळत नाही, असे आमचे मत आहे.

१८८१ च्या जानेवारीत पुण्यात 'केसरी' व 'मराठा' ही दोन साप्ताहिके सुरू झाली. मराठी 'केसरी'चे संपादकपद आगरकरांकडे होते आणि इंग्रजी 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळकांकडे. त्या वर्षी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज हे तरुण राजे होते. महाराजांना वेड लागले आहे असे सरकारदरबारी सांगितले जात होते. उलट, त्यांचा छळ होत आहे आणि छळानेच त्यांची बुद्धी भ्रष्ट करण्यात येत आहे, अशी लोकांत कुजबुज होती. संस्थानचे कारभारी होते रावबहादूर माधवराव बर्वे. दोन्ही पत्रांनी बर्व्यांवर कडक टीका सुरू केली. पुढे बर्व्यांनीच लिहिली असे सांगितली जाणारी काही पत्रे पुढे आली. ती खरी असती तर बर्वे हे महाराजांविरुद्धच्या कटाचे सूत्रधार ठरले असते. संपादकांनी त्या पत्रांवर विश्वास ठेवला आणि मजकूर छापून गेला.

बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. खटला मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला आणि तेथे ती पत्रे बनावट असल्याचे उघड झाले. आगरकर व टिळक यांनी दिलगिरी व्यक्त केली, आरोप मागे घेतले, माफी मागितली. बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. आगरकरांना सव्विसावे वर्ष पूर्ण होऊन अवघे तीन दिवस झाले होते; टिळकांचा सव्विसावा वाढदिवस सहा दिवसांनी तुरुंगातच उजाडला. दोघांचे वडीलधारे सहकारी विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच वर्षी १७ मार्चला, खटल्याची टांगती तलवार डोक्यावर असताना, निवर्तले होते. शिक्षेत थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले. आगरकरांनी पुढे 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे छोटे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे त्यांचे भाषांतर 'विकारविलसित' याच तुरुंगवासाशी जोडलेले आहे. सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दारात लोकांची गर्दी लोटली होती. दोघांचा जयजयकार झाला, सत्कार झाले.

येथपर्यंतची हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात तिला मानाचे पान आहे. दोन तरुण संपादकांचा पहिला तुरुंगवास म्हणून ती सांगितली जाते. पण वाचकहो, या हकिकतीत तिसरा एक माणूस आहे आणि त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तो माणूस म्हणजे माधवराव बर्वे. ज्या पत्रांवरून त्यांना कटाचे सूत्रधार म्हटले गेले, ती पत्रे त्यांची नव्हती हे न्यायालयात ठरले. खटला त्यांनी जिंकला. परंतु जयजयकार हरलेल्यांचा झाला आणि जिंकलेल्याच्या नावाला जो डाग लागला होता तो लोकांच्या मनात तसाच राहिला. आजही हे प्रकरण सांगताना बर्व्यांचे नाव येते ते खलनायकाच्या जागी. न्यायालय शिक्षा देऊ शकले. नाव परत देणे त्याच्या हाती नव्हते.

प्रकरणाला आणखी एक बाजू आहे, तीही येथे सांगितली पाहिजे. महाराजांविषयी लोकांना वाटणारी चिंता निराधार नव्हती. १८८३ च्या डिसेंबरात, तेही २५ तारखेला, नाताळच्याच दिवशी, अहमदनगरला ठेवलेल्या या तरुण राजाचा ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. तेव्हा संपादकांची कळकळ खरी होती, त्यांचा संशय पूर्णतः वेडगळ नव्हता आणि त्यांनी पुढे केलेला पुरावा मात्र खोटा होता. आम्हांला वाटते, बहुतेक वाईट शब्द असेच जन्माला येतात. निव्वळ दुष्टपणाने दुसऱ्याला बदनाम करणारा माणूस क्वचित भेटतो. आपला हेतू चांगला आहे या खात्रीने, पुढ्यात आलेली गोष्ट न तपासता पुढे ढकलणारी माणसे प्रत्येक गल्लीत आणि प्रत्येक धर्मग्रामात भेटतात.

ख्रिस्तसभेने या बाबतीत फार बारीक विचार करून ठेवला आहे आणि आपल्याला त्याची पुरेशी ओळख नाही याची आम्हांला खंत वाटते. संत थोमस आक्विनास यांनी तेराव्या शतकात, चोरलेल्या वस्तूच्या परतफेडीचा विचार करताना, त्याच ओघात माणसाच्या नावलौकिकाचाही विचार केला. पैसा चोरला तर पैसा परत करायचा. नाव चोरले तर काय परत करायचे? आक्विनास येथे भेद करतात. कोणी दुसऱ्याविषयी खोटे बोलला असेल, तर आपण खोटे बोललो असे त्याने उघड कबूल केले पाहिजे. पण जे बोलला ते खरे असून बोलण्याचे काही कारण नव्हते, असे असेल तर? तेव्हा 'मी खोटे बोललो' असे म्हणणे हे दुसरे खोटे होईल. अशा माणसाने आपण अन्यायाने बोललो, बोलायला नको होते, एवढे सांगावे. आणि तेवढ्याने नाव परत मिळत नसेल तर दुसऱ्या एखाद्या मार्गाने त्याची भरपाई करावी. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथातही हाच धागा आहे. पुरेशा आधाराशिवाय दुसऱ्याचा दोष मनात खरा धरणे, दुसऱ्याचा खरा दोष कारण नसताना तिसऱ्याला सांगणे आणि दुसऱ्यावर खोटा आळ घेणे, ही तीन निरनिराळी पापे तेथे सांगितली आहेत. आणि नावाची हानी केली असेल तर, क्षमा मिळाली तरी, भरपाईचे कर्तव्य उरते असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे.

डोंगरीच्या प्रकरणाला ही मोजपट्टी लावली की चित्र बदलते. माफी मागितली गेली, शिक्षाही भोगली गेली. भरपाई मात्र अर्धीच राहिली. कारण ती करण्यासाठी लोकांच्या गर्दीसमोर उभे राहून, हार गळ्यात असताना, 'बर्व्यांविषयी आम्ही जे छापले ते खरे नव्हते' असे पुन्हा एकदा सांगावे लागले असते. कोणत्याही तरुणाकडून एवढी अपेक्षा करणे कठीण आहे हे आम्ही जाणतो. जक्कयाने चौपट परत देईन असे प्रभूला सांगितले; पण तो जकातदार होता आणि त्याचे व्यवहार नाण्यांत होते.

आपल्याकडे एक समजूत दृढ आहे की कुमसार केला म्हणजे प्रकरण मिटले. वसईकडील आमचे वाचक हा पोर्तुगिजांकडून आलेला शब्द अजूनही वापरतात; देशावर त्याला पापनिवेदन म्हणतात. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्तीजनाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम घातला. प्रायश्चित्तकाळात आपल्या मंदिरांतून ज्या रांगा लागतात त्यांचे मूळ त्या नियमात आहे. पण या संस्काराच्या रचनेतच एक गोष्ट अशी आहे की तिने शब्दाच्या पापाला पळवाट मिळत नाही. धर्मगुरूच्या कानी पडलेले तेथेच राहते. पापनिवेदनाच्या गुप्ततेमुळे तो धर्मगुरू शेजारणीच्या घरी जाऊन 'अमुक बाईंना पश्चात्ताप झाला आहे' असे सांगू शकत नाही. देवाची क्षमा पोहोचते. शेजारणीला मात्र निरोप जात नाही. तो घेऊन स्वतःलाच उंबरठा ओलांडावा लागतो. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशूने तर क्रमच सांगून ठेवला आहे: वेदीपाशी अर्पण आणले असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जायचे. कोण बरोबर, कोण चूक, याची चौकशी करून मग जा, असे तेथे म्हटलेले नाही.

आता याच प्रकरणातील एक असा प्रसंग सांगतो की जो वर्षानुवर्षे आमच्या मनात घर करून आहे. खटला चालू असताना आगरकर-टिळकांना जामिनाची गरज पडली. दहा हजार रुपयांचा जामीन. त्या काळी ही रक्कम केवढी असेल याची कल्पना करावी. तो जामीन दिला रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी, आणि तो द्यावा म्हणून त्यांना गळ घातली महात्मा जोतीराव फुले यांनी. फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातीलच, खटाव भागातील कटगुणचे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांना शुभवर्तमानाचा चांगला परिचय होता. पण या जामिनाची थोरवी कळायला त्याआधीचा इतिहास आठवावा लागतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या 'निबंधमाले'त फुल्यांच्या पुस्तकांची अत्यंत बोचरी टिंगल केली होती. फुल्यांच्या विचारांची, त्यांच्या सत्यशोधक समाजाची, इतकेच नव्हे तर त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाचीही. 'केसरी' व 'मराठा' ही त्याच चिपळूणकरांच्या मंडळीची पत्रे. आगरकर-टिळक त्या मंडळींपैकीच. ज्या गोटातून आपला जाहीर पाणउतारा झाला, त्या गोटातील दोन पोरे अडचणीत आल्यावर फुल्यांनी जुना हिशेब काढला नाही. पुढे सुटकेच्या वेळी त्यांच्या सत्काराला सत्यशोधक मंडळीही हजर होती.

फुल्यांची स्वतःची लेखणी मवाळ होती असे कोणी म्हणणार नाही. १८७३ च्या 'गुलामगिरी'तील कित्येक वाक्ये आजही झोंबतात. म्हणून त्यांना क्षमाशीलतेची मूर्ती म्हणून देव्हाऱ्यात बसवण्याचा आमचा विचार नाही. त्या एका प्रसंगी त्यांनी जे केले, ते मात्र असे आहे: कोणी माफी मागितली नव्हती, चिपळूणकरांनी आपले शब्द मागे घेतल्याचे कोठे वाचनात नाही, आणि तरी जामीन दिला गेला. आपल्या धर्मग्रामातील दोन घरे एका लग्नाच्या पंगतीतील वाक्यावरून वर्षानुवर्षे एकमेकांकडे जात नाहीत, ती मुख्यतः दुसऱ्याने आधी माफी मागावी म्हणून थांबलेली असतात.

आपल्या ख्रिस्ती परंपरेच्या जिभेविषयीही थोडे बोलणे प्राप्त आहे. नाहीतर दुसऱ्यांच्या घरचे सांगून आपले झाकल्यासारखे होईल. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. मराठी भाषेवरील त्यांच्या प्रेमाचे आपण नेहमी कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. त्यांच्यामागून एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेज्वीट धर्मगुरूने संत पेत्राच्या चरित्रावर मराठी पुराण रचले. ते १६२९ पासून गोव्यात छापले गेले. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या चुकांचे खंडन करण्याचा हेतू नमूद आहे, आणि आत शेजाऱ्यांच्या देवांविषयी जे लिहिले आहे ते वाचताना आज मान खाली जाते. यातला विरोधाभास पाहा. हे पुराण कोणाचे? ज्याची जीभ कयफाच्या वाड्यात, शेकोटीपाशी, तीन वेळा घसरली त्या पेत्राचे. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या समुद्रकाठी त्याला त्याबद्दल बोल लावला नाही. प्रेमाविषयी तीनदा विचारले, तेही इतर शिष्य जवळ असताना. जितक्या वेळा नाकारले तितक्याच वेळा, चारचौघांत, त्याच जिभेने तो शब्द परत फिरवण्याची संधी पेत्राला मिळाली. भरपाई कशी असते याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे न्यायालय होते. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे नाव गुपचूप सांगायचे आणि आरोपीला ते कोणी सांगितले हे कळू द्यायचे नाही, यावर तेथील कामकाज चाले. अशा कुजबुजीने किती घरे धुळीस मिळाली असतील! १२ मार्च २००० रोजी, महाज्युबिलीच्या वर्षातील प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांची जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेली जबरदस्ती, इतर संस्कृतींचा व धर्मांचा अवमान, ही पापे त्यांत वेगळी उच्चारली गेली. पेत्राच्या वारसाने, पेत्राच्याच मंदिरात, चारचौघांत ती उच्चारली.

साताऱ्याला १९१७ साली आणखी एक टिळक आले: रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते आपल्या पंथाचे नव्हेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी काम केले. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, पण प्रभूला मानणाऱ्या साऱ्यांना त्यात जागा होती. संतांच्या भाषेत, विशेषतः तुकोबांच्या वळणाने, ख्रिस्त सांगायचा हा त्यांचा ध्यास. जुन्या खंडनमंडनाला मराठी ख्रिस्ती माणसाने दिलेले ते उत्तर होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. हा एवढा गोड कवी घरात मात्र अतिशय तापट होता. ते आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ते निःसंकोच लिहिले. १९३४ ते १९३६ या काळात ते पुस्तक भागांनी निघाले. मग दुसऱ्याचा खरा दोष उघड करण्याचे पाप लक्ष्मीबाईंच्या माथी येते काय? आम्हांला तसे वाटत नाही. टिळकांचा संताप लिहिताना त्या स्वतःचा हट्ट, स्वतःचे सोवळे, स्वतःचे टोमणेही त्याच शाईने लिहितात आणि वाचणाऱ्याला शेवटी टिळक अधिकच आवडू लागतात. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनीच रचून पुरे केले.

कृष्णा साताऱ्याहून कराडमार्गे सांगलीला येते. सांगलीजवळच्या हरिपुरात १८५५ साली जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी 'संशयकल्लोळ' लिहून एका तसबिरीवरून उठलेल्या संशयाचा केवढा गोंधळ होतो ते सर्वांना हसवत दाखवले. नाटकात तासाभरात उलगडा होतो, ही नाटककाराची कृपा. पण सांगलीने आम्हांला यापेक्षा मोलाची गोष्ट दाखवली आहे. या भागात दिगंबर जैन बांधवांची मोठी वस्ती आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ पासून येथे काम करते. भाद्रपदातील दशलक्षण पर्व संपले की ते क्षमावाणीचा दिवस पाळतात. त्या दिवशी धाकटे थोरल्यांची आणि थोरले धाकट्यांची, कळत-नकळत दुखावल्याबद्दल, प्रत्यक्ष भेटून क्षमा मागतात. अमुक शब्दाबद्दल असे सांगावे लागत नाही, त्यामुळे जुनी जखम पुन्हा उकरली जात नाही. आपल्याकडे प्रायश्चित्तकाळ चाळीस दिवसांचा असून असा एकही दिवस नेमलेला नाही. एखाद्या धर्मग्रामाने राखेच्या बुधवारनंतरचा एखादा रविवार यासाठी राखून पाहावा अशी आमची सूचना आहे. मिस्सेतील शांतीच्या खुणेच्या वेळी शेजारच्या बाकावरील परक्याला हात जोडणे सोपे असते. तीन बाक मागे बसलेल्या चुलत भावापर्यंत जायला तेवढा वेळ पुरत नाही.

डोंगरीच्या कोठडीत रात्र-रात्र गप्पा मारणाऱ्या त्या दोन मित्रांचे पुढे बिनसले. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि दोन्ही पत्रांतून एकमेकांवर असे शब्द फेकले गेले की ते पूर्वी एका ताटात जेवत होते हे खरे वाटू नये. पुण्यात जिवंतपणी आगरकरांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत लोकांची मजल गेली. १८९५ च्या जूनमध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, दम्याने खंगलेले आगरकर अंथरुणावर होते. त्या अखेरच्या दिवसांत टिळक त्यांना भेटून आले, असे चरित्रकार सांगतात. १७ जून रोजी आगरकर गेले. 'केसरी'तील त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी स्वतः लिहिला, आणि तो लिहिताना त्यांना वारंवार थांबावे लागले अशी आठवण सांगितली जाते.